‘इंट कॅनॉट बी डीरेफरन्स्ड’ : इंटच्या जागी इंटिजर लिहिण्यापूर्वी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही पुढचे उत्तर कळेल. तुम्ही पुण्यात संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि वर्गाचे गुण व परीक्षेचे बैठक क्रमांक सांभाळणारा एक छोटा जावा प्रोग्रॅम लिहीत आहात. गुणांसाठी तुम्ही ‘इंट’ (पूर्णांक संख्या) प्रकारचे व्हेरिएबल घेतले आणि ते ४० आहेत का, हे पाहण्यासाठी ‘गुण.इक्वल्स(४०)’ असे लिहिले. कंपाइलरने, म्हणजे कोड तपासून तो चालवण्याजोगा करणाऱ्या प्रोग्रॅमने, ‘इंट कॅनॉट बी डीरेफरन्स्ड’ असा एरर दिला. वसतिगृहातल्या मित्राने ‘इंट काढून इंटिजर लिही’ असे सुचवले, तसे करताच एरर गेला, म्हणून तुम्ही सगळीकडेच तो बदल करून टाकला. आता हजेरी क्रमांकाने विद्यार्थी शोधला की सापडतो, बैठक क्रमांकाने शोधला की सापडत नाही, आणि दोन्ही ठिकाणचा कोड तर सारखाच आहे.

तुम्ही हे दोन स्वतंत्र प्रश्न म्हणून विचारले आहेत, पण दोन्हींचे मूळ एकच आहे. पहिल्या वेळी कंपाइलरने तुम्हाला अडवले, आणि दुसऱ्या वेळी अडवणारे कोणी उरले नाही, कारण मित्राच्या सल्ल्याने तुम्ही तो पहारा स्वतःच उठवला. मी दिवसा हिंजवडीत जावामध्येच काम करतो आणि शनिवार-रविवारी कोथरूडमध्ये नवशिक्यांना शिकवतो. ही जोडी, म्हणजे आधी ओरडणारा एरर आणि मग मुकाट चुकीचे उत्तर, मला दोन्ही ठिकाणी दिसते. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितो आहे.

लिखाणाबद्दल एक सूचना. येथे सगळा कोड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे. प्रत्यक्षात जावाचे राखीव शब्द आणि तयार क्लास-मेथडची नावे तुम्हाला रोमन लिपीतच टाइप करावी लागतील. व्हेरिएबलचे नाव मात्र ‘गुण’ असे देवनागरीत ठेवले तरी जावा ते स्वीकारते.

आता एररकडे येऊ. कंपाइलरने दिलेल्या मजकुरात पहिल्या ओळीत फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक असतो, दुसऱ्या ओळीत तुमचा कोड जसाच्या तसा असतो, आणि तिसऱ्या ओळीत एक लहानसे टोक असलेले चिन्ह असते. बहुतेक विद्यार्थी पहिली ओळ वाचून थांबतात. तिसरी ओळ नीट पाहा. ते टोक ‘इक्वल्स’ या शब्दाखाली नाही, ४० खालीही नाही. ते ‘गुण’ आणि ‘इक्वल्स’ यांच्यामधल्या डॉटखाली आहे. कंपाइलरची हरकत त्या डॉटलाच आहे. मेथडचे, म्हणजे ऑब्जेक्टकडून करून घ्यायच्या कामाचे, नाव चुकले असते तर संदेश वेगळा आला असता. येथे त्याचे म्हणणे एवढेच आहे की या डॉटच्या डावीकडे जे आहे त्याला मेथड असूच शकत नाहीत, त्यामुळे उजवीकडे काय लिहिले आहे ते तपासण्याचा प्रश्नच येत नाही. तुम्ही एक्लिप्स हे कोड लिहिण्याचे साधन वापरत असाल तर तेथील संदेश अधिक उघड असतो: ‘इंट या प्रिमिटिव्ह टाइपवर इक्वल्स बोलावता येत नाही’ अशा अर्थाचे वाक्य ते दाखवते.

जावामध्ये असे आठ प्रिमिटिव्ह, म्हणजे ऑब्जेक्ट नसलेले मूळ, टाइप आहेत: बाइट, शॉर्ट, इंट, लाँग, फ्लोट, डबल, कॅर आणि बूलियन. इंट प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये थेट ३२ बिटांची संख्या असते आणि तिच्यामागे दुसरे काहीही नसते. स्ट्रिंग (मजकूर), तुमचा ‘विद्यार्थी’ क्लास, ॲरेलिस्ट (यादी) यांचे तसे नाही. तेथे व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्टचा रेफरन्स असतो, म्हणजे ऑब्जेक्ट मेमरीत कोठे आहे याचा पत्ता. डॉट लिहिला की जावा त्या पत्त्यावर जाते आणि तेथील ऑब्जेक्टच्या क्लासमध्ये मेथड शोधते. डीरेफरन्स करणे म्हणजे हे पत्त्यावर जाणे. ४० ही संख्या हा पत्ता नाही, म्हणून तेथून कोठे जाताच येत नाही.

हे सर्व भाषांत असेच असते असे मात्र समजू नका. पायथॉनमध्ये संख्यासुद्धा ऑब्जेक्ट असते. सी-शार्पमध्ये ‘इंट’ हे एका स्ट्रक्टचेच दुसरे नाव आहे, त्यामुळे तेथे संख्येपुढे डॉट देऊन टूस्ट्रिंग बोलावलेले चालते. कोटलिनमध्येही चालते, जरी कंपाइल झाल्यावर खाली बहुतेक वेळा प्रिमिटिव्हच उरते. जावास्क्रिप्टमध्ये ‘५.टूस्ट्रिंग()’ असे थेट लिहिले तर चूक येते, पण कारण निराळे आहे: पाचनंतरचा डॉट तेथे दशांशचिन्ह म्हणून वाचला जातो, आणि पाचला कंस केला की तेच काम होते. पहिल्या वर्षी पायथॉन शिकून दुसऱ्या वर्षी जावाकडे येणाऱ्या विद्यार्थ्याची सवय डॉटची असते, म्हणून ही चूक त्याच्याकडून होणे स्वाभाविकच आहे. जावा १९९६ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने प्रसिद्ध केली, तेव्हा प्रत्येक संख्येसाठी स्वतंत्र ऑब्जेक्ट बनवणे परवडणारे नव्हते, शिवाय सी आणि सी-प्लस-प्लस लिहिणाऱ्यांना ओळखीचे वाटेल असे व्याकरण ठेवायचे होते. म्हणून मूळ संख्या ऑब्जेक्टबाहेर राहिल्या.

तुमच्या चुकीला आणखी एक कारण आहे आणि त्यात दोष शिकवण्याच्या पद्धतीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. स्ट्रिंग शिकवताना ‘दुहेरी बरोबर (==) वापरू नका, इक्वल्स वापरा’ असे वर्गात ठासून सांगितले जाते. स्ट्रिंगपुरते ते अगदी बरोबर आहे. मात्र ‘का’ सांगितले नाही तर विद्यार्थी तो नियम सगळीकडे लावतो, संख्यांनासुद्धा. दुहेरी बरोबरचे चिन्ह नेहमी दोन व्हेरिएबलांच्या आत जे प्रत्यक्ष आहे त्याचीच तुलना करते. इंटच्या आत संख्या असते, म्हणून संख्यांची तुलना होते, जी तुम्हाला हवी आहे. स्ट्रिंगच्या आत पत्ता असतो, म्हणून पत्त्यांची तुलना होते, जी तुम्हाला बहुधा नको असते. अप्पा बळवंत चौकातून एकाच पाठ्यपुस्तकाच्या दोन प्रती आणल्या तर मजकूर एकच असतो, पण प्रती दोन असतात. इक्वल्स मजकूर पाहते आणि दुहेरी बरोबर ‘ही तीच प्रत आहे का’ एवढेच पाहते.

तेव्हा तुमच्या पहिल्या एररची खरी दुरुस्ती एका ओळीची आहे: ‘इफ (गुण == ४०)’. मात्र दुरुस्ती करताना नेहमी आधी हे ठरवा की त्या डॉटने तुम्हाला संख्येकडून काय करून घ्यायचे होते, कारण दर वेळी उत्तर दुहेरी बरोबर हेच असेल असे नाही. गुण मजकूर म्हणून हवे असतील तर ‘गुण.टूस्ट्रिंग()’ चालणार नाही, ‘स्ट्रिंग.व्हॅल्यूऑफ(गुण)’ चालेल. संख्येत किती अंक आहेत हे हवे असेल तर आधी असा मजकूर करून त्याची ‘लेंग्थ()’ घेता येते, पण संख्या ऋण असेल तर वजाचे चिन्हही मोजले जाते हे लक्षात ठेवा. क्रम लावण्यासाठी तुलना हवी असेल तर ‘इंटिजर.कंपेअर(अ, ब)’ ही मेथड २०११ च्या जावा ७ पासून उपलब्ध आहे. तिच्याऐवजी ‘अ वजा ब’ परत करण्याची जुनी युक्ती अजूनही अनेकांच्या वहीत असते. ती वापरू नका. इंटची मर्यादा ऋण २,१४,७४,८३,६४८ पासून धन २,१४,७४,८३,६४७ पर्यंत आहे, आणि सर्वांत लहान संख्येतून एक वजा केला की उत्तर थेट सर्वांत मोठी धन संख्या येते, त्यामुळे क्रम उलटा लागतो. या सर्व मेथडमध्ये साम्य आहे ते असे की संख्या डॉटच्या डावीकडे नाही, कंसाच्या आत आहे, आणि डावीकडे क्लासचे नाव आहे. अक्षरांचेही हेच: ‘नाव.कॅरॲट(०)’ मधून कॅर मिळतो, त्याच्यापुढे डॉट देऊन ‘टूअपरकेस()’ म्हणता येत नाही, ‘कॅरॅक्टर.टूअपरकेस(…)’ च्या कंसात तो द्यावा लागतो.

आणखी एक प्रकार सांगायलाच हवा, कारण माझ्या अनुभवात नवशिक्यांच्या कोडमध्ये या एररचे ते फार मोठे कारण आहे आणि तेथे वरीलपैकी कोणतीही दुरुस्ती लागू पडत नाही. समजा ‘यादी’ नावाच्या लिस्टमध्ये विद्यार्थी आहेत आणि तुम्ही ‘इंट आय = ०’ पासून ‘यादी.साइझ()’ च्या अलीकडेपर्यंत लूप चालवला आहे. लूपच्या आत घाईत ‘आय.नाव()’ असे लिहिले जाते. एरर तोच येतो, टोकही डॉटखालीच येते. पण येथे ‘आय’ कडून संख्येचे काही करून घ्यायचेच नव्हते; हवा होता तो विद्यार्थी, आणि ‘आय’ हे फक्त त्याचे यादीतील स्थान आहे. बरोबर ओळ ‘यादी.गेट(आय).नाव()’ अशी आहे. येथे कोणी ‘आय’ चा प्रकार इंटिजर केला तर पहिला एरर जाऊन लगेच दुसरा येईल, कारण इंटिजर क्लासमध्ये ‘नाव()’ अशी मेथड नाही. स्थानाची गरज नसेल तर ‘फॉर (विद्यार्थी वि : यादी)’ असा लूप लिहावा, त्यात ‘आय’ च उरत नाही आणि ही चूक होण्याची जागाही उरत नाही. याच धर्तीवर ‘वि.गुण().इक्वल्स(४०)’ अशा साखळीत टोक दुसऱ्या डॉटखाली आले तर ‘गुण()’ ही मेथड काय परत करते ते तिच्या घोषणेत जाऊन पाहा. तेथे इंट लिहिलेले असेल.

आता मित्राच्या सल्ल्याकडे आणि तुमच्या दुसऱ्या अडचणीकडे येतो. खरे नुकसान येथे झाले आहे.

इंटिजर हा क्लास आहे. त्याच्या ऑब्जेक्टमध्ये एक इंट असतो आणि ऑब्जेक्ट असल्यामुळे त्याला इक्वल्स, टूस्ट्रिंग, कंपेअरटू या मेथड असतात. ६४ बिटांच्या नेहमीच्या जावामध्ये चार बाइटांच्या संख्येसाठी असा ऑब्जेक्ट साधारण १६ बाइट घेतो आणि त्याचा रेफरन्स वेगळा. २००४ मध्ये आलेल्या जावा ५ पासून इंटचा इंटिजर आणि इंटिजरचा इंट हे रूपांतर कंपाइलर गरजेप्रमाणे आपोआप करतो. त्याला ऑटोबॉक्सिंग आणि अनबॉक्सिंग म्हणतात. ‘इंटिजर गुण = ४०’ असे तुम्ही लिहिता तेव्हा कंपाइलर तेथे ‘इंटिजर.व्हॅल्यूऑफ(४०)’ घालतो. हे रूपांतर व्हेरिएबलला मूल्य देताना होते, मेथडला संख्या देताना होते, पण डॉटच्या डावीकडे मात्र होत नाही, म्हणूनच तुमचा पहिला एरर आला. विश्वास ठेवण्यापेक्षा स्वतः पाहा: कंपाइल झालेल्या क्लासवर ‘जावापी’ हा आदेश ‘हायफन सी’ या पर्यायासह चालवला की तुम्ही कधीही न लिहिलेल्या ‘व्हॅल्यूऑफ’ आणि ‘इंटव्हॅल्यू’ च्या ओळी समोर दिसतात.

‘व्हॅल्यूऑफ’ दर वेळी नवा ऑब्जेक्ट बनवत नाही. ऋण १२८ ते १२७ या संख्यांचे ऑब्जेक्ट आधीच करून ठेवलेले असतात आणि त्या मर्यादेतील संख्या आली की तोच तयार ऑब्जेक्ट परत मिळतो. या मर्यादेची हमी भाषेच्या अधिकृत नियमांतच दिलेली आहे. १२८ पासून पुढे सहसा प्रत्येक वेळी नवा ऑब्जेक्ट बनतो. आता तुमचा शोधाचा कोड पाहा: ‘इफ (वि.क्रमांक == शोधायचाक्रमांक)’, आणि दोन्ही बाजूंना इंटिजर. दोन्हीकडे पत्ते आहेत, म्हणून तुलना पत्त्यांची होते. हजेरी क्रमांक ४५ असेल तर दोन्ही बाजूंना तोच तयार ऑब्जेक्ट असतो, पत्ते जुळतात, विद्यार्थी सापडतो. बैठक क्रमांक ३२१४५ असेल तर एक ऑब्जेक्ट यादी भरताना बनला आणि दुसरा शोधाचा आकडा वाचताना बनला. संख्या तीच, पत्ते दोन, उत्तर ‘फॉल्स’. तुमचा वर्ग १२७ पेक्षा लहान आहे, म्हणून हजेरी क्रमांकाने शोधताना ही चूक कधीच दिसली नसती.

हे जेशेलमध्ये, म्हणजे एकेक ओळ लिहून लगेच उत्तर पाहण्याच्या साधनात, करून पाहा. २०१७ च्या जावा ९ पासून ते जावासोबतच येते. ‘इंटिजर अ = १२७’ आणि ‘इंटिजर ब = १२७’ लिहून ‘अ == ब’ विचारा, उत्तर ‘ट्रू’ येईल. दोन्हीकडे १२८ करा, उत्तर ‘फॉल्स’ येईल. त्यानंतर त्याच १२८ च्या जोडीवर ‘अ <= ब’ विचारा आणि मग ‘अ >= ब’ विचारा. दोन्हींचे उत्तर ‘ट्रू’ येते, कारण लहान-मोठेपणा ठरवताना जावा दोन्ही इंटिजर आधी अनबॉक्स करते, आणि दुहेरी बरोबरला दोन्ही बाजूंना ऑब्जेक्ट दिसले तर करत नाही. म्हणजे अ हा ब पेक्षा मोठा नाही, लहानही नाही, आणि तरी बरोबरही नाही, असे चित्र उभे राहते. शिवाय एका बाजूला साधी संख्या असेल, जसे ‘अ == १२८’, तर पुन्हा अनबॉक्सिंग होऊन उत्तर ‘ट्रू’ येते. त्यामुळेच ‘गुण == ४०’ ही तपासणी इंटिजर करूनही तुमच्याकडे नीट चालली आणि संशय आला नाही. जावा चालवणाऱ्या यंत्रणेच्या एका पर्यायाने वरची १२७ ची मर्यादा वाढवताही येते. म्हणजे हाच चुकीचा कोड एका संगणकावर बरोबर आणि दुसऱ्यावर चूक उत्तर देऊ शकतो. ही चूक मी प्रत्यक्ष कामाच्या कोडमध्येही पाहिली आहे, आणि तिचे स्वरूप नेहमी असेच असते: चाचणीसाठी लहान आकडे वापरलेले असतात, सर्व चाचण्या पार पडतात, आणि खरे क्रमांक आल्यावर नोंदी ‘सापडत नाहीत’.

दोन इंटिजर पडताळायचेच असतील तर ‘अ.इक्वल्स(ब)’ बरोबर आहे, आणि अ रिकामा म्हणजे नल असण्याची शक्यता असेल तर ‘ऑब्जेक्ट्स.इक्वल्स(अ, ब)’ अधिक सुरक्षित आहे. येथेही एक खड्डा आहे. बैठक क्रमांक लाँग या रॅपर क्लासमध्ये (इंटिजरसारखाच, प्रिमिटिव्हला ऑब्जेक्टमध्ये ठेवणारा क्लास) ठेवला आणि ‘क्रमांक.इक्वल्स(३२१४५)’ लिहिले तर उत्तर नेहमी ‘फॉल्स’ येते, कारण कंसातील संख्या इंटिजर होऊन जाते आणि लाँगची इक्वल्स दुसऱ्या क्लासच्या ऑब्जेक्टला बरोबर मानत नाही. कंपाइलर याबद्दल काही बोलत नाही. इंटेलिजे आयडियासारखी साधने अशा ठिकाणी पिवळी खूण दाखवतात. त्या खुणा बंद करू नका, त्या वाचा.

इंटिजर केल्याने आलेली दुसरी गोष्ट म्हणजे नल. इंट कधीही रिकामा नसतो. क्लासमधील इंटला तुम्ही काही दिले नाही तर तो शून्य असतो. इंटिजर मात्र नल असतो. समजा, गुण तुम्ही मॅपमध्ये, म्हणजे क्रमांक दिला की त्याचे गुण देणाऱ्या संग्रहात, ठेवले आणि जो क्रमांक मॅपमध्ये नाही त्याचे गुण ‘इंट ग = मॅप.गेट(क्रमांक)’ असे मागितले. मॅप नल देईल, जावा त्यावर ‘इंटव्हॅल्यू’ बोलावायला जाईल आणि प्रोग्रॅम नल पॉइंटर एक्सेप्शन देऊन थांबेल. अलीकडच्या आवृत्त्यांतील संदेशात ‘इंटव्हॅल्यू बोलावता येत नाही’ असे स्पष्ट येते, पण ती मेथड आपण लिहिलेलीच नाही म्हणून विद्यार्थी गोंधळतात. ती ऑटोबॉक्सिंगच्या यंत्रणेने लिहिलेली असते.

म्हणजे इंटिजर वापरूच नये का? येथे परिस्थिती पाहावी लागते. लिस्ट आणि मॅपच्या टोकेरी कंसात प्रिमिटिव्ह टाइप चालतच नाही, तेथे इंटिजर लिहावाच लागतो. डेटाबेसमधील रकाना रिकामा राहू शकत असेल तर तो वाचतानाही इंटिजर योग्य आहे. आणि तुमच्याच प्रोग्रॅममध्ये एक जागा अशी आहे जेथे मी स्वतः इंटिजर निवडेन. परीक्षेला गैरहजर राहिलेला विद्यार्थी आणि शून्य गुण मिळालेला विद्यार्थी यांत गुणपत्रिका फरक करते. इंटमध्ये तो फरक ठेवता येत नाही, आणि ‘गैरहजर म्हणजे ऋण १’ अशी खूण ठरवली तर कधीतरी कोणी वर्गाची सरासरी काढताना तो ऋण १ बेरजेत जातो. गुण इंटिजर ठेवून गैरहजेरीसाठी नल ठेवणे, किंवा त्याहून चांगले म्हणजे ‘गैरहजर’ असे वेगळे बूलियन ठेवून गुण इंटच राहू देणे, हे दोन्ही पर्याय विचारपूर्वक निवडलेले असतील तर मला मान्य आहेत. एरर घालवण्यासाठी केलेला बदल मात्र मला मान्य नाही, कारण त्यात व्हेरिएबल रिकामे राहू शकते की नाही हा निर्णय नकळत घेतला जातो.

सरासरी आणि टक्केवारीबद्दल थोडक्यात सांगतो. डबलवर (दशांश संख्येवर) इक्वल्स बोलावली तर तसाच एरर येतो, पण तेथे दुहेरी बरोबर लिहिणेही सहसा चूक असते, कारण ०.१ आणि ०.२ यांची बेरीज जावामध्ये ०.३ च्या बरोबर येत नाही, ०.३०००००००००००००००४ येते. म्हणून ‘सरासरी == ४०.०’ असे विचारण्यापेक्षा फरकाचे निरपेक्ष मूल्य एखाद्या लहान मर्यादेपेक्षा कमी आहे का, असे ‘मॅथ.ॲब्ज’ वापरून विचारावे. उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवताना तर शक्य असेल तेथे टक्केवारीऐवजी मूळ पूर्णांक गुणांचीच तुलना करावी.

बैठक क्रमांकाबद्दल माझा शेवटचा आणि कदाचित तुमच्यासाठी सर्वांत उपयोगी मुद्दा असा आहे की तो मुळात इंटही असू नये आणि इंटिजरही असू नये. त्याची कधी बेरीज करायची नाही, सरासरी काढायची नाही; तो ओळखीसाठी आहे. कोथरूडचा पिन कोड ४११०३८ आहे, पण पिन कोड कोणी दुप्पट करत नाही. अंकांनी बनलेल्या अशा खुणा स्ट्रिंगमध्ये ठेवाव्यात. इंटमध्ये ठेवल्या तर काय होते याची दोन उदाहरणे देतो. भारतातील मोबाइल क्रमांक दहा अंकी असतो आणि ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होतो, त्यामुळे तो इंटच्या मर्यादेत बसतच नाही. कोडमध्ये थेट लिहिलात तर ‘संख्या फार मोठी आहे’ असा एरर येतो. पुण्याचा दूरध्वनी संकेतांक ०२० आहे. जावामध्ये ‘इंट संकेतांक = ०२०’ लिहून तो छापा: आउटपुटमध्ये १६ येईल, कारण शून्याने सुरू होणारी संख्या जावा अष्टमान पद्धतीची मानते. कोणताही एरर नाही, कोणतीही सूचना नाही. बैठक क्रमांकाच्या सुरुवातीला उद्या शून्य किंवा एखादे अक्षर आले तर तुमच्या प्रोग्रॅमची हीच गत होईल. स्ट्रिंग ठेवलात तर ‘वि.बैठकक्रमांक.इक्वल्स(शोधायचाक्रमांक)’ ही तुमची मूळची सवय तेथे अगदी बरोबर ठरेल.

तेव्हा तुमच्या जागी मी पुढील बदल या क्रमाने करीन. मित्राच्या सल्ल्यानंतर इंटिजर केलेली सर्व व्हेरिएबल एकदा परत इंट करा, फक्त टोकेरी कंसांतील इंटिजर राहू द्या. कंपाइल करा आणि जे एरर येतील त्यांतील प्रत्येकाच्या डॉटखालचे टोक पाहून, तेथे तुम्हाला तुलना हवी होती, मजकूर हवा होता की यादीतील विद्यार्थी हवा होता, हे ठरवून ती ओळ दुरुस्त करा. बैठक क्रमांक स्ट्रिंग करा. गैरहजेरीचा निर्णय घ्या आणि तो क्लासच्या वर एका वाक्यात लिहून ठेवा. प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक ‘येथे इंटिजर का घेतला?’ हे हमखास विचारू शकतात आणि तेव्हा तुमच्याकडे खरे कारण असेल. मॅपमधून गुण घेताना ‘कंटेन्सकी’ ने आधी खात्री करा. चाचणी घेताना ४५ सारखा एकच सोयीचा आकडा न घेता १२७, १२८ आणि एखादा पाच अंकी क्रमांक घ्या, शिवाय यादीत नसलेला एक क्रमांकही घ्या.

एवढे करूनही बैठक क्रमांकाने विद्यार्थी सापडला नाही, तर संशय इक्वल्सवर घेऊ नका. क्रमांक फाइलमधून वाचत असाल तर ओळीच्या शेवटी न दिसणारी एखादी मोकळी जागा स्ट्रिंगमध्ये येते आणि मजकूर खरोखरच वेगळा होतो; वाचल्याबरोबर ‘स्ट्रिप()’ लावा, ती जावा ११ पासून उपलब्ध आहे, आणि दोन्ही स्ट्रिंगची लेंग्थ छापून पाहा.